‘एनए होणार आहे’ म्हणतात त्या प्लॉटसाठी पर्सनल लोन काढू का?

वाचकाचं पत्र, थोडं लहान करून:

“ताई नमस्कार. मी ३२ वर्षांचा, चाकणला कंपनीत आहे, बायको खाजगी शाळेत शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख १० हजार. चिंचवडला भाड्याने राहतो, भाडं १६ हजार. सेव्हिंग १४ लाख आहे आणि आता रिअल इस्टेटमध्ये घालायचंय. मुळशीकडे ११ गुंठे बघितलेत, आम्ही पाच मित्र मिळून घेतोय, प्रत्येकी साडेचार लाख. एजंट म्हणतो एनए (बिगरशेती) होणार आहे, आत्ता नोटरी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून टाकू, शेतकरी दाखला लागला तर तोही काढून देतो. रविवारपर्यंत १ लाख टोकन मागतोय. दुसरीकडे मोशीला अंडर कन्स्ट्रक्शन टू बीएचके आहे ५८ लाखाला, पझेशनपर्यंत ईएमआय नाही अशी स्कीम. मी म्हणतो दोन्ही घ्यावं. प्लॉटसाठी ५ लाख पर्सनल लोन काढतो, सेव्हिंग फ्लॅटला लावतो, पुढं भाड्यातून हप्ता निघेल. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला तर फायदा असतो का? प्लॉटचं तिला अजून सांगितलं नाही, आधी नक्की होऊ दे मग सांगेन.”

नमस्कार. रविवारी टोकन देऊ नका, हे सगळ्यात आधी. कारण पुढं सविस्तर सांगते, पण तुमच्याकडं दिवस कमी आहेत आणि एजंटचे फोन चालूच असणार म्हणून आधी एवढं सांगून टाकलं.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलवर वीसेक वर्षं काढली. लोक यायचे, प्लास्टिकची फाइल पुढं करायचे आणि पहिला प्रश्न असायचा, व्याज किती. आम्ही मात्र फाइल उघडून आधी जागेचा कागद शोधायचो. लोकांना वाटतं कायद्याचं वकील बघेल आणि पैशाचं बँक, दोन वेगळी खाती आहेत. पण तो एकच प्रश्न आहे हो, पैसे दिल्यावर तुमच्या हातात नक्की कुठला कागद येणार? तो पक्का असेल तर बँक त्याच्यावर कर्ज देते, कच्चा असेल तर नाही देत. आता स्वतःलाच विचारा, साडेचार लाखाच्या जागेसाठी तुम्हाला पर्सनल लोन का काढावं लागतंय, साधं प्लॉट लोन का नाही? कारण एजंट जो कागद देतोय त्याच्यावर कुठलीही बँक रुपयाही देणार नाही. बँकेकडं पॅनलचे वकील असतात, त्यांनी नाही म्हटलेल्या कागदावर तुम्ही तुमच्या पगाराची गॅरंटी देऊन पैसे घालताय.

प्लॉटचंच आधी घेऊ. एजंटकडून गट नंबर घ्या आणि महाभूलेखच्या साइटवर सातबारा स्वतः काढा, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नको. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन कागद जोडलेले. वर गटाचं क्षेत्र आणि मालकांची नावं. तिथंच भूधारणा पद्धत लिहिलेली असते, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ ते बघा, वर्ग २ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही, इनाम वतनाच्या बऱ्याच जमिनी अशा असतात. उजवीकडं ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असा रकाना असतो, एजंट मालकाच्या नावावर बोट ठेवून दाखवतो आणि हा रकाना दाखवायचं टाळतो. सोसायटीचा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं सापडतं. प्रलंबित फेरफार (सातबाराच्या नोंदीतला बदल) आहे का तेही लिहिलेलं असतं, असेल तर त्या जमिनीवर काहीतरी चालू आहे आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग खाली नमुना बारा बघा. तिथं जर भात लिहिलेला असेल तर ती आज शेतजमीन आहे, बाकी कोण काय म्हणतं त्याला अर्थ नाही. एनए झालेल्या जमिनीला पीकपाहणी लागतच नाही. एनए झालीय म्हणणाऱ्याकडं ऑर्डर नाहीतर सनद असते आणि मंजूर लेआउटचा नकाशा असतो, ‘होणार आहे’ हा काही कागद नाही.

आणि शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. तुमच्या गावाकडं वडिलोपार्जित शेती असेल, घरच्यांच्या नावचा सातबारा असेल तर खरा शेतकरी दाखला तहसीलमधून रीतसर मिळवता येतो, ते वेगळं. पण तुम्ही पत्रात गावच्या शेतीचा उल्लेख केलेला नाही आणि एजंट ‘काढून देतो’ म्हणतोय, म्हणजे तो कुठल्यातरी गावचा दाखला विकत आणून देणार. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. असा व्यवहार पुढं उघडकीला आला तर त्याच कायद्याच्या कलम ८४क खाली तो बेकायदेशीर ठरवून जमीन सरकारजमा होऊ शकते, पैसे गेले, जमीन गेली आणि वर खोट्या दाखल्याची केस तुमच्या नावावर, एजंटच्या नाही. पाच जणांतला एक जरी बिगरशेतकरी निघाला तरी सगळा व्यवहार लटकतो.

त्यात अकरा गुंठ्यांचं गणित बघा. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी दोन गुंठे आणि थोडं वर, म्हणजे साधारण २,४०० चौरस फूट. पण तुकडेबंदी कायद्याने २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी किमान मर्यादा आहे, म्हणजे डोंगरउतारावरची जिरायत असेल तर अकरा गुंठेसुद्धा बसत नाहीत आणि तुमचे दोन गुंठे तर कुठंच वेगळे निघत नाहीत. एजंट म्हणेल तुकडेबंदी आता उठली. सवलती आल्यात हे खरं, पण त्या प्रत्येक शेतजमिनीला सरसकट लागू नाहीत, तुमचा गट कुठल्या झोनमध्ये येतो त्यावर आहे, आणि त्यासाठी झोन दाखला काढावा लागतो, अर्ज केला की मिळतो. समजा सगळं नीट होऊन पाच नावं एका सातबारावर सामाईक लागली, तरी तुमचा तुकडा कुठला हे कागदावर कुठंच नसेल. उद्या तुम्हाला विकायचं झालं तर रीतसर वाटणीशिवाय किंवा बाकी चौघांच्या सह्यांशिवाय कोण घेणार? आज मित्र आहेत, दहा वर्षांनी एक जण परदेशात असेल, एकाचं भांडण झालेलं असेल, एखाद्याच्या पश्चात त्याचे वारस आलेले असतील.

नोटरी साठेखताचं तर मी फार जवळून बघितलंय. एक जोडपं आलं होतं, नवरा वर्कशॉपला, बायको शिवणकाम करायची, दोन गुंठ्यांवर घर बांधायला कर्ज हवं होतं. फाइलमध्ये पाचशेच्या स्टॅम्पवरचं नोटरी साठेखत, त्याच्याखाली कुलमुखत्यारपत्र आणि एक झेरॉक्स नकाशा, हाताने आखलेला, त्यात त्यांचा चौकोन पिवळ्या हायलायटरने रंगवलेला. सातबारा काढला तर त्यावर विकणाऱ्याचं नावच नाही, त्याच्या वडिलांचं, आणि ते वारलेले. वारस नोंद झालेली नाही. चार बहिणी, एकीचीही सही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क आहे आणि वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत तर त्या वारस असतातच. त्या बाईंनी मला विचारलं, मॅडम, पण आम्ही जागेवर फक्की टाकून मोजून घेतलंय ना. पहिल्या पावसात ती फक्की वाहून गेली होती, हेही त्यांनीच सांगितलं. मला कर्ज नाकारावं लागलं. पुढं बहिणींनी दावा लावला असं कळलं. त्यांची नऊ वर्षांची बचत होती ती, मला अजून त्या नकाशातला पिवळा चौकोन आठवतो.

कायदा यावर अगदी स्पष्ट आहे. जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखताने येते, साठेखत हा पुढं विकण्याचा करार आहे आणि कुलमुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीने सही करायचा अधिकार. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात हेच सांगितलं की अशा मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे सही या माणसाने केली एवढाच पुरावा, ती जमीन त्याची आहे की नाही हे नोटरी बघत नाही.

तर प्लॉट नाही. बाकी चौघा मित्रांनाही हे पत्र वाचायला द्या, नाहीतर तुम्ही बाहेर पडाल आणि सहावा आत जाईल.

आता फ्लॅट. मोशीचं प्रकरण तुलनेनं बरं आहे कारण तिथं निदान तपासायला काहीतरी आहे. महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तोच स्कॅन केला तरी चालेल, २०२३ पासून तो सक्तीचा आहे. पूर्ण व्हायची मूळ तारीख काय होती आणि किती वेळा पुढं ढकलली, किती मजल्यांची परवानगी आलीय (बरेचदा विकतात चौदावा मजला आणि मंजुरी असते अकरापर्यंत), जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, कुठली केस आहे का, हे बघा. विकणाऱ्या एजंटचाही रेरा नंबर लागतो, मागा. आणि नोंदणीकृत ॲग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, ‘आधी वीस टक्के भरा मग ॲग्रीमेंट’ असं म्हणाला तर तो कायदा मोडतोय. पार्किंगचे वेगळे रोख द्या म्हणाला तरी नाही म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही आणि रोखीत दिलेले पैसे तुम्ही कुठंच सिद्ध करू शकणार नाही, प्रोजेक्ट रखडला तर व्याजासकट परतावा मिळतो तो कागदावरच्या रकमेचा.

‘पझेशनपर्यंत ईएमआय नाही’ हे ऐकायला फार गोड आहे. पण कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डर म्हणतो तोवरचं व्याज मी भरतो, आणि ज्या महिन्यात तो भरायचं थांबतो त्या महिन्यात बँकेचा फोन तुम्हाला येतो आणि सिबिल तुमचं खराब होतं. बांधकाम जसं पुढं जाईल तसेच हप्ते सोडा असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना सांगितलं, २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा स्कीमपासून लांब राहायला सांगितलं, आणि दिल्लीकडच्या अशाच प्रकरणांत सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सीबीआय चौकशी लावली, हजारो लोक घर न मिळता हप्ते भरत होते. तुम्ही स्लॅबप्रमाणे पैसे सोडणारं साधं कर्जच घ्या.

आता पैशाचं, आणि इथं मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटते. ५८ लाखाचं घर म्हणजे १४ लाखात डाउन पेमेंट होईल असं तुम्ही धरलंय. बघा. ३० ते ७५ लाखाच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ४६ लाख ४० हजार. तुमचे ११ लाख ६० हजार. पण हे ८० टक्के नुसत्या किमतीवर, स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. पिंपरी-चिंचवडला स्टॅम्प ड्युटी सगळं मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ६ हजार. नोंदणी फी ३० हजार. अंडर कन्स्ट्रक्शन आणि ४५ लाखाच्या वर म्हणून जीएसटी ५ टक्के, २ लाख ९० हजार. बेरीज करा, तुमच्या खिशातून १८ लाख ८६ हजार जाणार, आणि अजून सोसायटी डिपॉझिट, लाईट मीटर, पंखे, ग्रिल यातलं काहीच धरलेलं नाही. म्हणजे फ्लॅट एकट्यालाच जवळजवळ ५ लाख कमी पडतायत. शिवाय ५० लाखाच्या वरचा व्यवहार म्हणून बिल्डरच्या प्रत्येक पेमेंटमधून १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच सरकारला भरायचाय, हा वेगळा खर्च नाही, त्याच्याच पैशातून जातो, पण भरायला विसरलात तर दंड आणि व्याज तुमच्यावर.

हप्ता काढू. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर ४६ लाख ४० हजाराला महिना साधारण ४० हजार ३००. त्याच्यावर तुमचं ५ लाखाचं पर्सनल लोन, पाच वर्षं आणि १३ टक्के धरा, महिना ११ हजार ४००. चिंचवडचं भाडं १६ हजार. झाले ६७ हजार ७००, उरले ४२ हजार, त्यात किराणा, गाडी, आईवडिलांना पाठवायचे, दवाखाना. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, पर्सनल लोन आधी काढलं की बँक तो हप्ता तुमच्या ऐपतीतून वजा करते. ११ हजार ४०० च्या हप्त्यात वीस वर्षांचं गृहकर्ज जवळपास १३ लाखाचं बसतं. म्हणजे साडेचार लाखाच्या अनिश्चित तुकड्यासाठी तुम्ही १३ लाखाच्या गृहकर्जाची ऐपत घालवून बसता. आमच्याकडं अशी कितीतरी माणसं यायची, चांगला पगार, स्वच्छ रेकॉर्ड, आणि सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या पर्सनल लोनमुळं घराचं कर्ज कमी पडायचं.

भाड्यातून हप्ता निघेल हेही होत नाही. समजा मोशीत तुम्हाला १८ हजार भाडं आलं, मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मालकालाच, मधे एखाद-दोन महिने घर रिकामं, भाडेकरार नोंदवायचा खर्च (लिव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, नोटरीवर भागवू नका). चाळीस हजाराच्या हप्त्यात अर्ध्याहून जास्त तुम्हालाच घालावे लागतील. नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर भाड्याच्या घराच्या व्याजाचा तोटा पगारातून वजाही होत नाही.

बायकोच्या नावाचं विचारलंत. राहत्या घराचे सगळे खरेदीदार महिला असतील तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, तुमच्या बाबतीत ५८ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. पण फक्त तिच्या नावावर असेल तर तुम्ही हप्ता भरूनसुद्धा त्या व्याजाची वजावट मागू शकत नाही, त्यासाठी सहमालक असावं लागतं. नव्या रिजीममध्ये असाल आणि त्या घरात स्वतः राहणार असाल तर तसाही व्याजाचा फायदा नाही, मग तिच्या नावावर घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. भाड्याने द्यायला म्हणून घर घेतलंच नसतं, पहिलं घर राहायला घेतलं असतं, कारण तुमचे १६ हजार जे आज दुसऱ्याला जातायत तेच हप्त्यात येतात आणि भाडेकरू शोधायची कटकट नाही. ५८ लाखाचं अंडर कन्स्ट्रक्शन सोडून ४५ लाखाच्या आसपासचं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर बघा, रीसेल असलं तरी चालेल. त्याला जीएसटी नाही. ४५ लाखाला कर्ज ३६ लाख, तुमचे ९ लाख, स्टॅम्प ड्युटी ३ लाख १५ हजार, नोंदणी ३० हजार, म्हणजे साडेबारा लाखाच्या आत. हप्ता साधारण ३१ हजार २००, म्हणजे आजच्या भाड्यापेक्षा पंधरा हजारच जास्त. फक्त हातात दीडच लाख उरतात ते मला कमी वाटतं, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत, म्हणून अजून सहा-आठ महिने थांबून महिना तीस-पस्तीस हजार टाका आणि तोपर्यंत घरं बघत राहा. घर आवडलं की वकिलाकडून मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा सर्च करून घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, सोसायटीची एनओसी आणि मालकाच्या बँकेचं थकीत कर्ज किती ते लेखी घ्या. टोकन द्यायचंच झालं तर चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर निघालं नाही किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर पूर्ण परत. हे लिहायला जो तयार नाही त्याच्याशी व्यवहार करू नका.

फ्लोटिंग रेटचं कर्ज घ्या, वैयक्तिक गृहकर्जात त्याला आधी फेडल्याचा दंड नसतो, बोनस आला की मूळ मुद्दलात टाकायचा.

राहिली पत्रातली शेवटची ओळ. कर्जात बायकोचा पगार धरणार आहात, म्हणजे ती सहकर्जदार होणार, बँकेत तिच्या सह्या लागणार, सिबिल तिचंही बघणार. प्लॉटचं पर्सनल लोन तिला बँकेच्या टेबलवर पहिल्यांदा कळू देऊ नका. आज संध्याकाळी तिला सगळं सांगा, एजंटचे मेसेजही दाखवा, आणि दोघांनी मिळून त्याला एकच मेसेज पाठवा की गट नंबर, एनए ऑर्डर आणि मंजूर लेआउट पाठव. पाठवलाच काही कागद तर मला फोटो टाका, सातबाराचा उजवा रकाना नीट दिसेल असा, मी बघून कळवते.